किराणा संघाचं कुलूप

उभी हयात किराणा दुकानदारांच्या संघात नोकरी केली, पण कुणाला पाव किलो साखर तोलून दिल्याचं मला आठवत नाही. निवृत्त झालो त्या आठवड्यात शेजारच्या गुरुजींनी विचारलं, "मुन्शीजी, इतके वर्सं तुमी तिथं करत काय होते?" प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा म्हटलं, चला, गुरुजींचं उत्तर राहिलंय, ते देऊन टाकू.

आमचा संघ इचोडा, गुडीहत्नूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या किराणावाल्यांचा. ऑफिस इचोड्याला, हायवेला लागून, खताच्या दुकानाच्या माडीवर. खालून नागपूर-हैदराबादचे ट्रक गेले की वर माझा चहा कपात थरथरायचा. सभासदांत तेलुगू होते, मारवाडी होते, मुसलमान होते, आमचे मराठी होते. मीटिंगची सुरुवात तेलुगूत व्हायची, भांडण हिंदीत व्हायचं, आणि दोन्ही संपलं की मी तो मजकूर कागदावर आणायचा. त्यांच्यात दुकान नसलेला मी एकटाच. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, मी शिकलो आणि चिकटलो या खुर्चीला. हुद्दा कारकुनाचा, पण निजामाच्या वेळचा शब्द इकडे अजून चालतो, म्हणून सगळे मुन्शी म्हणत.

संघाचं काम सांगायला सोपं आहे. नव्या दुकानदाराचा लायसनचा फॉर्म भरून द्यायचा. वजनकाट्यांवर शिक्का मारायला सरकारी माणूस आला की गावोगावचे काटे एका जागी गोळा करायचे. कंपनीचा माल फुटका आला तर बदलून घ्यायचा. एकट्या दुकानदाराने फोन केला की एजंट नेमका जेवायला बसलेला असतो. संघातून फोन गेला की त्याचं जेवण झालेलं असतं. एवढ्या फरकासाठी लोक वर्गणी भरत.

पण एक काम बाहेरच्या कुणाला माहीत नसतं, आणि तेच मला सगळ्यात आवडायचं. ते म्हणजे कुलूप.

दोन भागीदारांचं किंवा दोन भावांचं फाटलं, की दोघेही आधी दुकानातला माल आपापल्याकडे ओढू लागतात. मग भांडण मिटलं तरी दुकान उरत नाही. म्हणून आमच्याकडे जुना रिवाज: दोघांनी संघाला अर्ज द्यायचा, संघ आपलं पितळी कुलूप दुकानाला लावणार, आणि निकाल होईपर्यंत दोघांपैकी कोणी आत पाऊल टाकायचं नाही. किल्ली मुन्शीकडे. आमचे अध्यक्ष लिंगय्या शेट याचं कारण सरळ सांगत, "मुन्शीजी, आपकी दुकान नहीं, इसमें किसीसे रिश्तेदारी नहीं. चाबी आपके पासही अच्छी." जन्मभर ज्या गोष्टीने लोक मला बाहेरचा म्हणत, तिच्याचमुळे ही किल्ली माझ्या खिशात आली, याची मला मनातून गंमत वाटायची.

दर आठवड्याला मी दिवसाढवळ्या जाऊन दुकान उघडायचो. दार सताड उघडं ठेवायचं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला मी आत काय करतो ते दिसावं. झाडून काढायचं, पोत्यांना हवा द्यायची, उंदीर-सोंडे बघायचे, आणि कुलूप लावून परत यायचं. नियम एकच आणि कडक: आतली वस्तू जागची हलवायची नाही. इतक्या वर्षांत मी त्या दुकानांतून पेपरमिंटची गोळीसुद्धा तोंडात टाकली नाही.

आता खरं सांगतो. मला कुलूप आवडायचं ते चौकसपणापायी. माझी बायको म्हणते, "याईले शेजारच्याच्या भाजीत मीठ किती हाये तेबी पायजे." पायजे, खरंच पायजे! बंद दुकानात एकटं उभं राहिलं की माणसं कळतात. गल्ल्याशेजारी ठेवलेली दाताची पावडर, कॅलेंडरवर गोल केलेली तारीख, पोत्यामागे लपवलेला पत्त्यांचा कॅट. इचोड्याच्या एका दुकानात कुलूप लावल्यावर तिसऱ्या दिवसापासून आतून डबे पडल्याचे आवाज येऊ लागले. दोन्ही भागीदार एकमेकांवर चोरीचा आळ घेत माझ्याकडे धावले. उघडलं तर गुळाच्या पोत्यावर मांजर व्यालेली. चार पिल्लं बघून दोघे इतके हसले, की तिथेच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायला गेले. समेट मांजरीने केला, संघाने फक्त कागद लिहिला. तेव्हापासून कुलूप लावायच्या आधी मी पोत्यांमागे डोकावून बघत असे.

पण ज्या कुलपाने माझी किल्ली घेतली ते गुडीहत्नूरचं. भोयर बंधूंचं.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सुरुवात माझ्यापासूनच आहे. मोठमोठे मॉल आले, लोक फोनवरून सामान मागवू लागले, तसे आमचे सभासद घाबरले. संघाने दुकानदारांसाठी एक शिबिर ठेवलं. हैदराबादहून एक बोलका तरुण आला. तो तेलुगूत बोलला आणि मी मराठी सभासदांसाठी त्याचं मराठी केलं. केलं म्हणजे काय, वर माझी फोडणीही घातली. "जुने पत्र्याचे डबे फेका, एकसारख्या बरण्या आणा. दर तीन महिन्यांनी मालाची जागा बदला. गिऱ्हाईक शोधील, आणि शोधता शोधता आणखी चार वस्तू घेईल." टाळ्या पडल्या. मला वाटलं त्या माझ्यासाठीच आहेत. पुढच्या रांगेत बसून वहीत लिहून घेणारा एक जण होता गजानन भोयर. धाकटा.

वर्षभराने हाच गजानन आणि त्याचा मोठा भाऊ नामदेवराव अर्ज घेऊन माडीवर आले. बापाच्या माघारी नामदेवरावांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, दुकानात बसवलं. दोघांची जोडी गावात नावाजलेली. अर्जात मात्र एकच ओळ: दुकानाच्या मधोमध भिंत घालून दोन हिस्से करून द्यावेत. नामदेवराव आत येताना दाराजवळच्या स्टुलाला धडकले, स्टूल आडवं झालं. मला वाटलं, केवढा हा राग!

"झालं काय पण?" मी विचारलं.

"पटत नाई," नामदेवराव म्हणाले.

गजाननचे डोळे भरून आले होते. "मुन्शीजी, मले काही समजून नाई राह्यलं. दुकान चांगलं सजवलं, तवापासून भाऊ गिऱ्हाइकादेखत बरण्या आपटते. मी काही म्हनलं का अंगावर येते. त्याईले मी दुकानात नकोच हाये. मंग काऊन राहू?"

कुलूप लागलं. लिंगय्या शेटनी महिन्याभराने मोजदाद करून भिंतीचा निकाल द्यायचं ठरवलं. भिंत म्हणजे काय ते किराण्यातल्या माणसाला सांगायला नको. दहा हाताचं दुकान पाच-पाच हाताचं झालं की एकाकडे तेल आणि दुसऱ्याकडे तूर उरते. गिऱ्हाईक दोघांनाही टाळून तिसऱ्याकडे जातं. असे हिस्से झालेलं एकही दुकान टिकलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी आत गेलो आणि दुकान बघून खूश झालो. माझं व्याख्यान तिथे उभं होतं! भिंतभर एकसारख्या प्लास्टिकच्या बरण्या, झाकणं सगळी लाल. डोळ्यांसमोर बिस्किटं, शेवया. जिरं-मोहरी-धने खालच्या फळीवर. मग दिसलं, की खालच्या काही बरण्यांच्या गळ्याला दोरा बांधलाय. साधा, पुडीचा पांढरा दोरा. कुणाला एक गाठ, कुणाला दोन, कुणाला तीन. पहिल्यांदा वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काही केलं असेल. पण दृष्ट काय जिऱ्याला एक गाठ आणि ओव्याला तीन गाठी अशी मोजून लागते? मागच्या खोलीत जुने पत्र्याचे डबे एकात एक घालून ठेवले होते. फेकले नव्हते. मला रात्री जेवताना घास गोड लागेना, बायकोने ओळखलं, "लागलं वाटते काही डोक्याले."

पुढच्या आठवड्यात मी झाडत असताना अंगणवाडीच्या कांताबाई दारात थांबल्या. "कवा उघडून राह्यलं जी दुकान?" त्या म्हणाल्या. "दुसरीकडं जा लागते. पन मोठ्या भाऊचंबी बिघडलंच होतं. जिरं मांगावं तं शोप दे. मंग पुडी नाकाले लावून वास घे, अन् गजाननवर वरडे. पयले असं नव्हतं. पयले बोलता बोलता हात जाये अन् पुडी तयार."

जिऱ्याऐवजी बडीशेप. पुडी नाकाला लावून. मी झाडू तसाच धरून उभा राहिलो. ऑफिसातलं आडवं झालेलं स्टूल मला आठवलं. ते रागाने पडलं नव्हतं.

कुलूप लावून मी थेट नामदेवरावांच्या घरी गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. मी हाक मारली तेव्हा त्यांनी मान चिमणीसारखी वळवत, थोडी थोडी करत, मला शोधून काढलं. वहिनींनी चहाचा कप थेट त्यांच्या हातात दिला. त्या आत गेल्यावर मी म्हणालो, "नामदेवराव, दोऱ्याच्या गाठी पायल्या मी."

त्यांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवायला जमीन चाचपली.

"नागपूरले जाऊन आलो. काचबिंदू म्हंते. समोरचं तेवढं दिसते, नळीतून पायल्यावानी. बाजूचं काहीच नाई. अन् गेलं ते वापस येत नाई, आता हाये तेवढं टिकवाचं. औषध घालून राह्यलो."

"मंग गजाननले काऊन नाई सांगितलं?"

"सांगतलं तं तो मले खुर्चीवर बसवीन. 'भाऊ, तुमी फक्त बसा.' जित्या मानसाचा फोटो करून ठेवते अशानं. भिताडावर लावायचा तेवढा बाकी." त्यांनी समोर फळी असल्यासारखा हात पुढे केला. "मुन्शीजी, जुन्या दुकानात मले डोळे लागतच नव्हते. बापानं लावलेले डबे, त्याईच्या जाग्यावर. चौकोनी पत्र्याचा तो धन्याचा, चेपलेला तो जिऱ्याचा. हात गेला का वस्तू. यानं सगळ्याईले एकसारखं केलं, अन् दर तीन मयन्याले हलवते. म्हंते, संघाच्या शिबिरात सांगतलं."

संघाच्या शिबिरात कुणी सांगितलं, हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मला तर माहीत होतं. 

"भिंत झाली का माह्या बाजूले जुने डबेच लावतो. पन तुमी कोनाले सांगसान नाई," ते म्हणाले. "तुमाले बाबासाहेबाची आन हाये."

मी शब्द दिला. आणि परत येताना ऑटोत बसल्यावर कळलं, की मी स्वतःला कसं अडकवून घेतलंय. गजाननला सांगितलं तर भिंत टळेल, पण नामदेवरावांना दिलेला शब्द मोडेल, आणि ते कायमचे खुर्चीवर बसतील. नाही सांगितलं तर भिंत उभी राहील. त्या भिंतीच्या एका बाजूला डोळे गेलेला माणूस एकटा दुकान चालवणार.

शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसातली जुनी फाइल काढली. लायसनच्या फॉर्मसोबत दुकानाचा आतून फोटो लागतो. भोयरांचा फोटो मीच काढला होता, बरण्या यायच्या कितीतरी आधी. त्यात डाव्या भिंतीवरचा एक एक डबा दिसत होता. उजवी भिंत फोटोत नव्हती. पण लाकडी फळीवर एक डबा वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की त्याच्या बुडाची खूण पडते. चौकोन, गोल, मोठा गोल. धूळ पुसल्यावर सगळ्या खुणा वर आल्या.

सकाळी दहा वाजता, दार सताड उघडं ठेवून, मी संघाचा नियम मोडला. सगळे डबे पुसून आणले. कुठल्या डब्यात काय ते त्याच्यात मुरलेल्या वासावरून ओळखून बरण्यांतला माल ओतला, फोटो बघून आणि बुडं जुळवून एकेक डबा आपल्या जागी ठेवला. रस्त्यावरची माणसं बघत होती. मुन्शी एवढं मन लावून काय करतोय म्हणून दोघंतिघं थांबलीसुद्धा. दुपारी चार वाजता माझी कंबर धरली होती आणि केसांत हळद होती. बरण्या मी मागच्या खोलीत रचून ठेवल्या. मग कुलूप लावलं.

मोजदादीच्या दिवशी लिंगय्या शेट, दोघे भाऊ आणि मी असे दुकानापुढे जमलो. मी कुलूप काढलं. रिवाजाप्रमाणे आधी मोठ्या भावाने आत जाऊन उदबत्ती लावायची. नामदेवराव आत गेले, उदबत्तीच्या पुड्यासाठी त्यांनी सवयीने हात डावीकडे टाकला आणि तो हात डब्यावर तसाच राहिला. त्यांनी डबा कडेपर्यंत चाचपला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही.

गजानन मात्र भडकला. "माह्या बरण्या कुठं गेल्या? मुन्शीजी, हे कोनं केलं?"

"मी केलं," मी म्हणालो.

लिंगय्या शेट माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. तेलुगूत ओरडले, म्हणजे राग खरा होता. "कुलपाच्या आत वस्तू हलवली? मग संघाच्या कुलपावर कोण विश्वास ठेवणार?" मी मान खाली घातली. ते बरोबरच बोलत होते. आणि कारण विचारलं तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण मी शब्द दिलेला.

तेवढ्यात कांताबाई आल्या. दुकान उघडं दिसलं एवढंच त्यांना कळलं होतं. "भाऊ, पाव जिरं द्या, अन् ओवा, धने, खायचा सोडा, थोडी शोप."

आम्ही सगळे बाजूला झालो. नामदेवराव गल्ल्याजवळच्या आपल्या जागी उभे राहिले. तोंड कांताबाईंकडे, "पोरगी कशी हाये तुमची? बाळंतीन झाली का?" असं विचारत होते आणि हात मागे, वर, खाली आपोआप जात होता. जिरं, ओवा, धने, सोडा, शोप. काट्यावरचे लाल आकडे बघायला तेवढे वाकले. पाच पुड्या, पाच दोरे. एकही नाकाला लावली नाही.

गजानन हे बघत होता. आधी रागाने, मग वेगळंच काहीतरी त्याच्या तोंडावर आलं. तो भावाच्या हाताकडे बघत नव्हता, डोळ्यांकडे बघत होता. माल काढायची पत्र्याची सुपली नामदेवरावांच्या उजव्या हाताशी ठेवलेली होती. गजाननने आवाज न करता ती वीतभर बाजूला सरकवली.

नामदेवरावांचा हात गेला आणि फळीवर रिकामाच पडला. चाचपला. पुन्हा चाचपला. सुपली भर उजेडात, वीतभर अंतरावर होती.

गजाननने ती अलगद भावाच्या बोटांखाली सरकवली. मग तो वळला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तसाच पाठमोरा म्हणाला, "शेट, तो अर्ज वापस द्या. भिंत नाई पायजे. अन् भाऊ, बरण्यात काही दम नाई. डबेच बरे हायेत."

"मी तं पयलेपासून म्हनून राह्यलो," नामदेवराव म्हणाले, आणि तब्बल वर्षभराने हसले.

अर्ज परत गेला. माझ्याकडची किल्लीही गेली. शेटनी पुढच्या मीटिंगमध्ये ती काढून घेतली आणि मी त्याचा ठराव स्वतःच्या हाताने लिहिला. कुलपाचा मान राहायला हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते व्याख्यान मात्र मी पुन्हा कधी दिलं नाही. आणखी किती दुकानांत किती हात माझ्यामुळे चाचपत राहिले असतील, हा विचार अजून छळतो.

निवृत्तीनंतर मी गुडीहत्नूरला गेलो की भोयरांच्या दुकानात बसतो. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा नामदेवराव माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मुन्शीजी, गजाननले तुमी सांगतलं तं नाई ना?"

"नाई जी. शब्द देल्ला होता."

"बरं केलं. त्याले अजूनबी काहीच माईत नाई."

मी वर पाहिलं. एजंटाच्या माणसाने तेलाचा डबा वाटेतच ठेवला होता. गजाननने तो उचलला, भावाच्या वाटेतून बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवला, आणि माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि तोही कुणाला सांगणार नव्हता. नामदेवरावांना हे सगळं कळत असेल का? डब्यांची जागा बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला वाट रोज मोकळी मिळते, हे लक्षात येत नसेल? प्रश्न अगदी जिभेवर आला होता.

जन्मभर मी एकही प्रश्न गिळला नाही. हा गिळला.

"नाई," मी म्हणालो, "त्याले काहीच माईत नाई."